आर, ई, ओ : नाव गेलं, तीन अक्षरं उरली

जुना लष्करी ट्रक पुन्हा उभा करायचा म्हटलं की टायर शोधता येतात, ताडपत्री शिवून मिळते, रंग मिसळून घेता येतो. अडतं ते एका छोट्याशा गोष्टीपाशी. इंजिनवर मुळात कोणतं लेबल होतं? ऑनलाइन चकचकीत डेकल ढिगाने मिळतात, पण तुमच्या ट्रकसाठी त्यातलं खरं कोणतं, हे दुकानदार सांगत नाही.

अमेरिकेच्या अडीच टनी एम३५ ट्रकच्या सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनाशी 'रिओ' हे नाव जोडलेलं आहे. स्पेलिंग आर, ई, ओ. हा कुठल्या तंत्रज्ञानाचा शॉर्टफॉर्म नाही, ही एका माणसाची आद्याक्षरं आहेत. रॅन्सम एली ओल्ड्स. आणि ही अक्षरं त्यांनी हौसेने नाही, नाइलाजाने लावली होती.

ओल्ड्स यांचा जन्म ३ जून १८६४ चा, ओहायो राज्यातल्या जिनिव्हा गावचा. वडील लोहारकाम आणि यंत्रकाम करायचे. १८८० मध्ये कुटुंब मिशिगनमधल्या लान्सिंगला आलं आणि तिथे बापलेकांनी वाफेची इंजिनं बनवायला घेतली. पोराच्या डोक्यात मात्र घोड्याशिवाय चालणारी गाडी होती. १८८७ मध्ये त्यांनी वाफेवरची तीनचाकी चालवून दाखवली. पुढची सुधारलेली वाफेची गाडी १८९३ मध्ये विकली गेली ती ४०० डॉलरना, आणि कोणासाठी? फ्रान्सिस टाइम्स कंपनीच्या मुंबई शाखेसाठी! अमेरिकेतून परदेशी विकलेली ही पहिली मोटारगाडी मानली जाते.

मग पेट्रोल आलं. १८९६ मध्ये त्यांची पेट्रोलवरची गाडी चालली, १८९७ मध्ये कंपनी झाली आणि १८९९ मध्ये सॅम्युअल स्मिथ यांच्या भांडवलावर डेट्रॉइटमध्ये ओल्ड्स मोटर वर्क्स उभी राहिली. ९ मार्च १९०१ ला तो कारखाना जळाला. कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं, की आगीतून कर्व्ह्ड डॅश ही एकच नमुना गाडी बाहेर काढता आली आणि ती सुटी करून तिच्यावरून नकाशे पुन्हा काढले गेले. गोष्टीत थोडा मसाला असेलही. पण उरलेल्या एका वस्तूवरून हरवलेली माहिती परत मिळवायची, हेच आज ट्रकवाले करतात.

ही कर्व्ह्ड डॅश चांगलीच चालली. एक सिलिंडर, स्टिअरिंगऐवजी नावेसारखा दांडा, किंमत ६५० डॉलर. ओल्ड्स सगळे भाग स्वतः बनवत बसले नाहीत. गिअरबॉक्स डॉज बंधूंकडून, इंजिनं लेलँडकडून असं बाहेरून घेत, आणि ठरलेल्या क्रमाने जुळणी करत. १९०१ मध्ये चारशेच्या आसपास असलेलं उत्पादन १९०४ पर्यंत पाच हजारांच्या वर गेलं. फोर्डची सरकती असेंब्ली लाइन आली १९१३ मध्ये, हे लक्षात घ्या.

एवढं करून १९०४ मध्ये ओल्ड्स बाहेर! स्मिथ यांचे चिरंजीव फ्रेडरिक यांना मोठ्या, महाग गाड्या हव्या होत्या; ओल्ड्स यांना स्वस्त. पैसा स्मिथांचा, त्यामुळे निकाल ठरलेलाच. ओल्ड्स यांनी लान्सिंगला स्वतःच्या नावाने नवी कंपनी काढली, तर जुन्या कंपनीने कोर्टाची धमकी दिली. म्हणजे आईबापांनी ठेवलेलं आडनाव, तेच गाडीवर लावायची चोरी. मग उरली आद्याक्षरं, तीच कंपनीचं नाव झाली. 'ओल्ड्स' हे नाव पुढे ओल्डस्मोबिल म्हणून शतकभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर चमकत राहिलं.

रिओ कंपनीने १९१५ मध्ये स्पीड वॅगन हा हलका, वेगवान ट्रक आणला, आणि ट्रक हीच तिची खरी ओळख झाली. प्रवासी गाड्या १९३६ मध्ये बंद पडल्या. त्याच वर्षअखेर ओल्ड्सही कंपनीतून बाजूला झाले.

लष्करी ट्रकचा गोंधळ यानंतरचा. दुसऱ्या महायुद्धात स्टुडबेकरचा यूएस६ ट्रक रिओनेही बनवला, १९४४-४५ मध्ये सुमारे २२ हजार. यूएस६ ट्रक मुख्यतः सोव्हिएत संघाला गेले. रशियाचे प्रसिद्ध कात्युशा रॉकेट लाँचर अनेकदा याच ट्रकवर बसवलेले दिसतात. पण त्यात इंजिन ना स्टुडबेकरचं, ना रिओचं. ते होतं हर्क्युलिस जेएक्सडी. त्यामुळे डॅशबोर्डवर रिओची पाटी आणि इंजिनवर हर्क्युलिसचं नाव दिसलं, तर कोणीतरी इंजिन बदललंय असं समजून 'दुरुस्ती' करू नका. तेच अस्सल आहे.

एम३५ चं उलट. १९५० मध्ये रिओने हा ट्रक स्वतःच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासह आणला. बाजारात त्याचं नाव गोल्ड कॉमेट, लष्करी कागदांत ओए-३३१. ३३१ म्हणजे घन इंचातली क्षमता, साधारण ५.४ लिटर. त्याच वर्षी २६ ऑगस्टला लान्सिंगमध्ये ओल्ड्स वारले, ८६ व्या वर्षी. कंपनी सोडून त्यांना चौदा वर्षं होत आली होती. इंजिनवर अक्षरं मात्र त्यांचीच.

पण प्रत्येक एम३५ वर गोल्ड कॉमेट लावलं की झालं, असं नाही. याच क्षमतेचं इंजिन कॉन्टिनेन्टलनेही पुरवलं, त्याचा क्रमांक सीओए-३३१. पुढे मल्टिफ्युएल इंजिनं आली, त्यांवर गोल्ड कॉमेट हास्यास्पद दिसेल. रिओ १९५७ मध्ये व्हाइट मोटरकडे गेली आणि १९६७ मध्ये डायमंड टी बरोबर मिळून डायमंड रिओ झाली. ते चिन्ह १९५१ च्या ट्रकवर म्हणजे सरळ चूक. म्हणून आधी ब्लॉकवरचा क्रमांक, मग डॅशबोर्डची डेटा प्लेट, मग त्या काळची लष्करी टेक्निकल मॅन्युअल, आणि डेकलची खरेदी सगळ्यात शेवटी.

फोन इथे भारी कामाला येतो. इंजिनवर रंगाचे थर असतील तर खरवडण्याआधी अंधार करून टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा. त्या काळची डेकल पाण्याने सोडवून लावायची असत. त्यांची कड नंतरच्या रंगाखालूनही कधीकधी उठून दिसते. फोटो अगदी समोरून काढा, शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप काढता येईल. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद. ऑटो व्हाइट बॅलन्सवर तर विश्वास ठेवूच नका. पिवळ्या बल्बखाली पांढरं अक्षरही सोनेरी दिसतं, आणि मग तुम्ही गोल्ड कॉमेट छापून मोकळे!