साथीदाराचे नाव

गाणे आवडले की गायक कोण, हे आपण हमखास विचारतो. साथ कोणी केली, हे सहसा विचारत नाही. ज्यांचे आयुष्य अशा साथीत गेले, त्या एडी लँग यांच्याविषयी हे चार शब्द.

त्यांचे मूळ नाव साल्व्हातोरे मासारो. जन्म २५ ऑक्टोबर १९०२, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात. वडील इटलीहून आलेले, वाद्ये बनविणारे कारागीर. मुलगा आधी व्हायोलिन शिकला, मग गिटारकडे वळला. शाळासोबती जो व्हेनुटी यांच्या व्हायोलिनशी त्यांची जोडी जमली, ती अखेरपर्यंत. १९२४ मध्ये ते 'माउंड सिटी ब्लू ब्लोअर्स' या वाद्यवृंदात गेले आणि त्याच्याबरोबर लंडनचा दौराही करून आले.

तोवर ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर होई आणि गिटारचा नाजूक आवाज त्यात बुडून जाई. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि गिटारला जणू कंठ फुटला. लँग नुसता ठेका धरीत नसत. गायकाच्या दोन ओळींमधली जागा ते सुरांनी भरून काढीत. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून त्यांना सतत बोलावणे येऊ लागले. १९२९ मध्ये त्यांनी बेसी स्मिथ यांना साथ केली. त्याच सुमारास पॉल व्हाइटमन यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदातही ते दाखल झाले. लिहिलेले संगीत वाचण्यात ते तरबेज नव्हते; त्यांची भिस्त कानांवर. अक्षरओळख नसलेल्या घरातून कॉलेजात आलेल्या मला ही गोष्ट फार धीर देणारी वाटली.

१९२८-२९ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय गिटारवादक लॉनी जॉन्सन यांच्याबरोबर युगुलवादन केले. परंतु गोऱ्याने काळ्याच्या शेजारी बसून वाजवावे, हे त्या समाजाला रुचणारे नव्हते. म्हणून तबकडीवर लँग यांचे नाव छापले गेले 'ब्लाइंड विली डन', म्हणजे आंधळा विली! डोळस माणसाला आंधळे व्हावे लागले. खरे आंधळेपण कोणाचे होते, हे सांगायला नकोच.

पुढे गायक बिंग क्रॉसबी यांचे ते कायमचे साथीदार झाले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर २६ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे तीस.

आज त्या तबकड्या नव्याने निघतात, तेव्हा लॉनी जॉन्सन यांच्या शेजारी एडी लँग हे नाव उघडपणे छापलेले असते. उशिरा का होईना, साथीदाराला त्याचे नाव परत मिळाले.