शिरपूरच्या पाटलांची स्मिता

शिंदखेड्याहून नरडाण्यामार्गे निघालं आणि तापीचा पूल ओलांडला की आलं शिरपूर. त्या तालुक्यातल्या शिवाजीराव पाटलांची मुलगी म्हणजे स्मिता पाटील. आपल्या अम्मी-खालांच्या पिढीला हे नाव सांगावं लागत नाही. आजच्या मुलांना मात्र अभिनेता प्रतीकची आई अशी ओळख करून द्यावी लागते.

१७ ऑक्टोबर १९५५ ला तिचा जन्म पुण्यात झाला, शाळाही तिथलीच. वडील स्वातंत्र्यलढ्यातले, समाजवादी विचारांचे, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यात. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण, त्यामुळे जातधर्म विचारून माणूस जवळ करायची सवय त्या पोरींना लागलीच नाही. सिनेमात यायचं असं काही ठरलेलं नव्हतं.

सुरुवात झाली ती टीव्हीवरून. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि काही काळातच स्मिता तिथे मराठी बातम्या देऊ लागली. खान्देशात तेव्हा टीव्ही पोहोचलाही नव्हता. शिरपूरच्या नातेवाईकांना आपली पोर बातम्या देते हे ऐकूनच माहीत. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, असं तिच्या सोबतचे लोक सांगत आले आहेत. खाली काय घातलंय ते कोणाला दिसणार? सावळा रंग, मोठे डोळे, स्वच्छ उच्चार. श्याम बेनेगल यांचं लक्ष गेलं ते या बातम्या देणाऱ्या चेहऱ्याकडे. त्यांनी तिला ‘चरणदास चोर’मध्ये घेतलं, मग ‘निशांत’, ‘मंथन’ आणि १९७७ चा ‘भूमिका’. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरच्या या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. ‘चक्र’साठी तो दुसऱ्यांदा मिळाला, १९८५ मध्ये पद्मश्री.

मराठीत तिची दोन मोठी कामं ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’. दोन्हींचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवं. ‘उंबरठा’तली सुलभा नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि परत येते तेव्हा घरातली तिची जागा गेलेली असते. आजही तो सिनेमा कुटुंबात बसून बघितला तर शेवटी वाद होतो. होऊ द्यावा.

पण आपल्या घरांसाठी स्मिता महत्त्वाची आहे ती तिच्या मुस्लिम बायांमुळे. हिंदी सिनेमात तोवर मुसलमान बाई म्हणजे नवाबाच्या हवेलीतली बेगम, नाही तर कोठ्यावरची तवायफ. मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये (१९७८) स्मिता खैरून झाली. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली, नवरा मुंबईत टॅक्सी चालवतो, ही सासूजवळ राहून वाट बघते. तिला संवाद फार थोडे आहेत. सुरत-मुंबईला कमवायला गेलेल्यांची घरं आपल्या गावातही आहेत, त्यांना खैरून वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ‘मंडी’तली झीनत कोठ्यावरचीच, पण तो सिनेमा उर्दूतले मोठे कथाकार गुलाम अब्बास यांच्या ‘आनंदी’ या कथेवर बेतलेला आहे आणि त्यात कोठ्यापेक्षा शहरातल्या सभ्य लोकांचीच जास्त तपासणी होते.

आणि ‘बाजार’. सागर सरहदी यांचा १९८२ चा सिनेमा, खय्याम यांचं संगीत. गाणी सगळ्यांना पाठ, गोष्ट मात्र लोक विसरतात. हैदराबादच्या गरीब घरातल्या कोवळ्या मुली आखातात पैसा कमावलेल्या वयस्कर माणसांशी निकाह लावून दिल्या जातात, त्याची ही गोष्ट. स्मिताची नजमा गरिबीत गेलेल्या खानदानातली, एका माणसाच्या लग्नाच्या वचनावर मुंबईत दिवस काढणारी. तीच अशा एका श्रीमंत माणसासाठी मुलगी बघून देते. शबनम नावाची ती पोर शेवटी विष घेते. नजमा वाईट बाई नाही, हेच स्मिताने दाखवलं. तिला आपली मजबुरी दिसते, शबनमची दिसत नाही. आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. दहावीनंतर रिश्ता आला म्हणून मुलीचा दाखला काढायला शाळेत पालक येतात तेव्हा मला नजमा आठवते. तेही वाईट माणसं नसतात.

टीव्हीचं नातं तिने पुढेही तोडलं नाही. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला, त्यात ओम पुरीच्या बायकोचं काम तिचं. तासाभराचाही सिनेमा नाही तो. पण नवऱ्याच्या प्रेताशेजारी पावसात आक्रोश करणारी ती बाई विसरता येत नाही. ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे धंदेवाईक सिनेमेही तिने केले, पण पावसातल्या नाचगाण्यात तिचं मन रमलं नाही.

विवाहित असलेल्या राज बब्बर यांच्याशी तिने संसार मांडला, त्यावर खूप टीका झाली आणि तिच्या घरच्यांनाही ते जड गेलं. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला. बाळंतपणानंतर गुंतागुंत वाढत गेली आणि १३ डिसेंबरला मुंबईत ती गेली. बाळ पंधरा दिवसांचं, ती एकतीस वर्षांची. मंत्र्याची मुलगी, हाताशी मुंबईतले डॉक्टर, तरीही. बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नये, असं आपल्याकडच्या जुन्या बाया म्हणतात ते उगाच नाही.

केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ ती गेल्यावर, १९८७ मध्ये पडद्यावर आला. सुभेदाराच्या हातून निसटलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. गावचा मुखी, पुढारी, बाकीचे गावकरी, बहुतेक सगळे तिला सोपवून द्यायला तयार होतात. म्हातारा राखणदार अबू मियाँ मात्र नाही म्हणतो. तो दार उघडत नाही, आणि त्या दारावरच त्याचा जीव जातो. मग आतल्या बाया लाल तिखट कापडात भरून सुभेदाराच्या डोळ्यांत फेकतात. नंदुरबार-दोंडाईच्याकडे मिरचीच्या पथारीवर काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ते तिखट डोळ्यांत गेलं की काय होतं. सोनबाई मात्र हातात विळा धरून समोर बघत उभी राहते, आणि सिनेमा तिथेच थांबतो.