विश्लेषण : तोफांचे नांगर कसे झाले? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिल्या यंत्राचे भाग कसे निवडले?

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते आणि आजूबाजूला निवडुंगाचे माळरान होते. या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीची काही वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत. पहिला लोखंडी नांगर तयार झाला आणि तो कोणी घेईना. तो का पडून राहिला, त्याचा कोणता भाग कमी पडला आणि पुढे महायुद्धात लोखंड मिळेनासे झाल्यावर कारखाना कशावर तगला, याची ही माहिती.

रंग ओळखता येत नव्हते, म्हणून यंत्राकडे?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष पोथ्यांत नव्हते, त्याला चित्रे काढायला आणि वस्तू उघडून पाहायला आवडे. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८५ मध्ये, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांमधला फरक कळत नाही, असे लक्षात आले. चित्रकाराची वाट तेथेच खुंटली.

रेषेला मात्र रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी धरली. वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसते हे मापासह कागदावर मांडायचे, तो कागद पाहून दुसऱ्या कारागिराने नेमकी तीच वस्तू घडवायची, असे हे शास्त्र. गावचा सुतार नांगर डोळ्याच्या अंदाजाने बनवतो, त्यामुळे त्याचे दोन नांगर कधी तंतोतंत सारखे नसतात. पुढे हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

सायकलच्या दुकानाचा काय उपयोग झाला?

त्या काळात सायकल ही श्रीमंतांची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या तेथे विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८च्या या सायकल दुकानापासून मानली जाते. पुढे संस्थेत बढती देताना लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वरची जागा मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

सायकल उघडून पाहिली तर तिच्यातला प्रत्येक नट, साखळीचा प्रत्येक दुवा सुटा होतो आणि त्याच मापाचा दुसरा तिथे बसतो. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. पण ज्या समाजात गाडीचे चाक मोडले की सुतारापुढे नेऊन ठेवायचे, तिथे सुटा भाग विकत आणून आपणच बसवायचा, ही कल्पनाच नवी होती. लक्ष्मणरावांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या दुकानात शोधले, तर फार चुकणार नाही.

दुकानाला जोडून छोटी कर्मशाळा आली. गुंड्या, औषधाच्या गोळ्यांसाठी डब्या असले किरकोळ काम झाले. मग आले कडबा कापण्याचे यंत्र. त्यात पाते पोलादाचे हवे, कारण त्याला धार धरायची असते. फिरते चाक मात्र बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चालते, कारण त्याला नुसते वजन हवे. एकाच यंत्रातल्या दोन भागांना दोन वेगळे धातू लागतात, हा धडा कडब्याच्या यंत्राने दिला. नांगरात तोच धडा जास्त महागात पडायचा होता.

लोखंडी नांगर कोणी का घेईना?

लाकडी नांगराला खोड, हळस, रुमणे आणि फाळ असे भाग असतात. तो जमीन चिरतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला पंख असतो. तो मातीचा थर कापून पालथा करतो, त्यामुळे हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळीने शेतकऱ्याला किती जेरीला आणले असेल, हे ज्याने ती खणली आहे त्यालाच कळेल. इंग्लंडहून आलेले लोखंडी नांगर काही बड्या बागायतदारांकडे होते. ते येथेच बनवायचे लक्ष्मणरावांनी ठरवले. १९०३च्या सुमारास बेळगावात पहिले नांगर तयार झाले आणि तसेच पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे गेली.

लोखंडाने जमिनीत विष कालवते, असा समज तेव्हा होता. गोष्ट सांगताना सगळे याच समजुतीवर थांबतात आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसून मोकळे होतात. पण लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत फिरत होता. म्हणजे खरी भीती दुसरीही असणार. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार बलुत्यावर नीट करून देत. हा नवा नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर कोणाकडे न्यायचा? बीड ठोकून सरळ होत नाही, तडकते. गावच्या लोहाराच्या हातोड्याला त्यावर इलाज नव्हता. रोख पैसे मोजून असली वस्तू घरात आणायला शेतकरी कचरला, यात नवल काय?

फाळाचे नेमके काय चुकले होते?

अखेर एका जाणत्या शेतकऱ्याने एकदम सहा नांगर घेतले. त्याने वापरून पाहून दोषही दाखवला : फाळाचे टोक विलायती नांगराइतके कठीण नाही. ही तक्रार नसती तर कदाचित कारखान्याला पुढची दिशाच मिळाली नसती.

फाळाकडून दोन परस्परविरोधी गुण हवे असतात. जमिनीत घासून झिजू नये म्हणून तो कठीण हवा आणि दगडावर आपटून तुटू नये म्हणून चिवटही हवा. साधे राखाडी बीड लवकर झिजते. तेच बीड ओतल्यावर झटकन थंड केले तर त्यातील कर्ब सुटा न होता लोखंडाशी बांधलेला राहतो आणि पांढरे, काचेसारखे कठीण बीड बनते. पण सगळा फाळ असा केला तर तो काचेसारखा फुटेलही. यावर अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर यांनी १८५७ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती प्रसिद्ध आहे. वाळूच्या साच्यात जिथे टोक किंवा घासणारा पृष्ठभाग येणार, तिथे लोखंडाचा ठोकळा ठेवायचा. त्याला टेकलेला रस पटकन गोठून कठीण होतो, बाकीचा सावकाश निवून चिवट राहतो. ओतकामात या ठोकळ्याला ‘चिल’ म्हणतात. त्याआधी, १८३७ मध्ये, जॉन डीअर यांनी पोलादी नांगराचा मार्ग घेतला होता. पोलाद महाग आणि त्या काळी भारतात बहुतेक बाहेरून येणारे. बेळगावातल्या लहान कर्मशाळेला परवडणारा रस्ता भट्टीतलाच होता. लक्ष्मणरावांनी ओतकाम सुधारले आणि फाळ टिकू लागला.

विलायती नांगर समोर होता, मग नक्कल सोपी नाही का?

वरवर तसे वाटते. आयात केलेला भाग वाळूत दाबायचा, पोकळी झाली की त्यात रस ओतायचा. पण बीड निवताना आकसते. एक फूट लांबीमागे साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे एक टक्का. मूळ भागच पॅटर्न म्हणून वापरला तर निघालेला भाग त्याच्यापेक्षा लहान भरतो, बोल्टची भोके जुळत नाहीत आणि चार भाग एकत्र जोडताना चारही ठिकाणी फरक पडतो. म्हणून पॅटर्न लाकडात, आकसण्याची जागा धरून, मोठा करावा लागतो. त्यासाठी आधी मापाचे रेखाटन लागते. कलाशाळेत रंगांनी दगा दिलेल्या विद्यार्थ्याचा हात इथे उपयोगी पडला.

सगळे भाग एकाच पॅटर्नवरून निघाले की कोणत्याही किर्लोस्कर नांगराला कोणताही किर्लोस्कर फाळ बसतो. झिजलेला काढायचा, नवा लावायचा, तोही शेतकऱ्याने आपल्या बांधावर बसून. लोहाराकडे जायची भीती उरत नाही.

बेळगाव सोडून औंध संस्थानात का?

शहराच्या नव्या वस्तीसाठी बेळगाव नगरपालिकेने कर्मशाळेची जागा मागितली. नवी जागा घ्यायला पैसा नव्हता. लक्ष्मणरावांचा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी स्नेह होता. चित्रकलेत रमलेला हा राजा १९०९ मध्ये गादीवर आला होता. त्याने लक्ष्मणरावांना संस्थानात जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, पण संस्थानाचे तुकडे दूरवर विखुरलेले होते. कुंडलचा भाग त्यांपैकीच एक. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.) पाणी आणि सुपीक जमीन पाहून कोणी हा माळ निवडला नसता. तिथे होते ते रेल्वे स्थानक. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर रूळ जवळ हवेत. सुमारे ३२ एकर जागेवर १० मार्च १९१० रोजी काम सुरू झाले. निवडुंग तोडावे लागले, साप मारावे लागले. रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसे सोबत आली. फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले होते, पण यंत्रांच्या रचनेत त्यांचे डोके विलक्षण चाले. रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली गेली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी कामगारांच्या जेवणाची जबाबदारी उचलली. या घरातल्या चुलीचा उल्लेख उद्योगाच्या इतिहासात अर्ध्या ओळीत संपतो, हे खटकते.

तोफा कुठून आल्या?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि विलायती नांगरांची आवक थांबली. किर्लोस्कर नांगराला अचानक मागणी आली. पण जहाजे थांबल्याने कच्चे लोखंडही दुर्मिळ झाले. जमशेदपूरला टाटांची भट्टी १९११ पासून सुरू होती, तरी तिथला माल सरकारच्या युद्धकामाकडे वळला. बाजार हाताशी आणि भट्टी रिकामी, अशी कोंडी झाली.

या वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातील निकामी जुन्या तोफा त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. ओतीव तोफ आणि नांगर यांचा धातू मुळात एकाच जातीचा, बीड. म्हणून ही अदलाबदल शक्य झाली. अर्थात तोफ जशीच्या तशी भट्टीत जात नाही, ती आधी फोडावी लागते आणि ते काम भट्टीपेक्षाही अवघड असते. आज एखादा इतिहासप्रेमी या तोफांसाठी हळहळेल आणि ते रास्तही आहे. पण १९१५-१६च्या शेतकऱ्याला तोफेपेक्षा फाळाची निकड अधिक होती.

त्यानंतर काय झाले?

१५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची नोंदणी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी मालाच्या जाहिरातीसाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि नांगराइतकेच गावोगावी पोहोचले. उसाचे चरक आले, मग पंप आले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ मध्ये परतले, तेव्हा वाडीत पंपाचे पर्व सुरू होत होते. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना उभा राहिला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. तो पुन्हा उभा केला गेला.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. पलूस, तासगाव भागातल्या जुन्या वाड्यांच्या पडवीत अजूनही एखादा गंजलेला लोखंडी नांगर टेकून ठेवलेला दिसतो. त्याचा फाळ मात्र बहुधा मूळचा नसतो, कित्येकदा बदललेला असतो.