कोळसा खाणीत उतरलेले मजूरमंत्री

अमरावती-अकोल्यात बाबासाहेबांचे नाव निघाले की नोव्हेंबर १९२७ ची अमरावतीची परिषद आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न हमखास आठवतो. कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी त्यांनी केलेले काम मात्र जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही. अकोला जिल्ह्यातले पारसचे वीज केंद्र कोळशावर चालते आणि आपल्याच विभागात वणीकडे उकणी, निलजईच्या ओपनकास्ट खाणी आहेत. म्हणजे विषय घरचाच आहे.

बाबासाहेबांना कामगार पुस्तकातून कळला नव्हता. परळच्या बीआयटी चाळीत ते वीसेक वर्षे गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३८ मध्ये संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप घडवला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडे गेले. तिथे ते स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांची कामाची व राहण्याची जागा त्यांनी पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर आणि त्या पैशातून मजुरांसाठी घरे, दवाखाने, पाणी. मजुराच्या जगण्याचा खर्च कोळशाच्या किमतीतच धरायचा, हा त्यामागचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ पासून होता, पण तो एकेकट्या मालकावर अवलंबून. मालकाने टाळाटाळ केली की विधवेने आयुक्ताकडे खेटे घालायचे. सगळ्यांच्या वर्गणीतून चालणारा विमा हा त्यावरचा उपाय होता. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत प्रा. अदारकरांनी आजारपणाच्या विम्याची योजना तयार केली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, आला. मात्र त्या कायद्याने कारखान्याच्या व्याख्येतून खाणी वगळल्या. खाणमजूर १९२३ च्याच कायद्यावर राहिला.

हा काळ सगळाच गौरवाचा नव्हता, हेही सांगायला हवे. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना जमिनीखाली काम करू देण्यात आले. कायदेमंडळात बाबासाहेबांना त्याचा बचाव करावा लागला. समान मजुरीची अट त्यांनी पुढे केली, तरी टीका व्हायची ती झालीच. बंदी १९४६ मध्ये परत आली.

१९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मूळ हिशेब जुनाच. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणायचे. २०२० पासून वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८. म्हणजे वारसांना सुमारे १५ लाख ६० हजार.

कंत्राटदाराचा विम्याचा हप्ता त्याने दाखवलेल्या एकूण पगारावर ठरतो. माणसे किंवा पगार कमी दाखवला की हप्ता वाचतो. त्याच मजुराचा पगार कागदावर ८,००० असेल तर भरपाई सुमारे ८ लाख ३२ हजारांवर येते. कंत्राटदार हात वर करतो तेव्हा ज्याच्यासाठी काम चालले त्या मूळ मालकाकडूनही ती मागता येते. पण मागायला डंपरवर जाणाऱ्या पोराच्या घरी पगाराची पावती, हजेरीची नोंद आणि बँकेचे पासबुक असावे लागते.