कष्टकरी स्त्रीची चित्रकार : बी. प्रभा

झाशीचे नाव घेताच पाठीशी बाळ बांधून समशेर उपसलेली राणी लक्ष्मीबाई डोळ्यांपुढे उभी राहते. पराक्रमी स्त्रीला रंगविणारे हात आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु डोईवर टोपली घेऊन बाजाराच्या वाटेला लागणारी, इतिहासात जिच्या नावाची नोंद नाही अशी स्त्री चित्राच्या केंद्रस्थानी आणणारे कलावंत थोडेच. त्या मोजक्या कलावंतांत विदर्भकन्या बी. प्रभा यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

प्रभा यांचा जन्म १९३३ साली नागपूरजवळील बेला या गावी झाला. चित्रकलेचे प्रारंभीचे शिक्षण त्यांनी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये घेतले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी रंगचित्रण व भित्तिचित्रण या विषयांची पदविका संपादन केली. मुलीने चित्रकला छंद म्हणून जोपासावी, हे त्या काळी अनेक घरांना मान्य होते. तिच्यावर चरितार्थ चालवावा, हे मात्र सहजी पचणारे नव्हते. प्रभा यांनी नेमका तोच मार्ग पत्करला.

मुंबईत त्या वेळी नव्या चित्रकलेचे वारे वाहत होते. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहाही संस्थापक पुरुष होते. आधुनिक चित्रकार म्हणून उभ्या राहू पाहणाऱ्या तरुणीसमोर स्त्रियांचे आदर्श फारसे नव्हते. प्रभा यांना प्रेरणा लाभली ती अमृता शेरगिल यांच्या चित्रांतून. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या अमृताबाईंनी आपल्या उत्तर प्रदेशातील गोरखपूरजवळच्या सराया गावी राहून ग्रामीण स्त्रियांचे जीवन रंगविले होते. १९४१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तो वारसा प्रभा यांनी आपल्या पद्धतीने पुढे नेला.

त्यांच्या गुणांची पारख लवकर झाली. त्या विद्यार्थिनी असतानाच थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांनी त्यांची तीन चित्रे विकत घेतली. १९५६ साली चित्रकार व शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकाच घरात दोन कलावंत नांदले आणि दोघांनीही आपापली स्वतंत्र ओळख राखली. त्याच वर्षी एअर इंडियाने प्रभा यांची सहा चित्रे प्रत्येकी ८७.५० रुपयांना खरेदी केली. या विमान कंपनीच्या पुढे नावारूपास आलेल्या कलासंग्रहाचा प्रारंभ याच खरेदीने झाला, असे मानले जाते.

आरंभी प्रभा यांचा ओढा अमूर्त शैलीकडे होता. पुढे त्या मानवाकृतीकडे वळल्या आणि तैलरंग हे त्यांचे प्रमुख माध्यम झाले. उंच, सडपातळ बांधा, लांब मान, शांत परंतु उदास मुद्रा आणि संपूर्ण चित्रावर एकाच रंगाचे प्रभुत्व, ही त्यांच्या शैलीची खूण ठरली. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळिणी आणि खेड्यांतील कष्टकरी बाया त्यांनी वारंवार रंगविल्या. दुष्काळ, भूक आणि बेघरपणा हेही त्यांच्या चित्रांचे विषय झाले. स्त्रीचे दुःख मांडताना त्यांनी आक्रोशाचा आधार घेतला नाही. त्यांच्या नायिका थकलेल्या दिसतात, पण वाकलेल्या दिसत नाहीत. म्हणूनच ती चित्रे पाहताना मनात दयेपेक्षा आदर अधिक दाटतो.

१९९२ साली विठ्ठल यांचे निधन झाले. तरीही प्रभा यांनी हातातील कुंचला खाली ठेवला नाही. चार दशकांहून अधिक काळ त्यांची कलासाधना चालू राहिली. २००१ साली नागपूर येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला.

एअर इंडियाचा तो संग्रह आता राष्ट्राची ठेव म्हणून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपविण्यात आला आहे. एका खेड्यातील मुलीच्या हाती वेळेवर कुंचला आला आणि तिला शिकू दिले गेले, म्हणून निनावी कष्टकरी स्त्रियांना तेथे मानाचे स्थान लाभले. वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी मुलगी आजही बहुतेक प्रत्येक वर्गात असते. तिची वही हाती आल्यावर पालक आणि शिक्षक काय करतात, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.