विश्लेषण : कोल्हापुरात समुद्री मासे पाळता येतात, ते कोणामुळे? खाऱ्या पाण्याची टाकी घराघरात नेणाऱ्या गॉस यांची कहाणी

कोल्हापूरहून रत्नागिरीचा किनारा सुमारे १३० किलोमीटर, तोही आंबा घाटापलीकडे. तरीही लायनफिश, ट्रिगरफिश असे आक्रमक समुद्री मासे इथल्या दिवाणखान्यात ठेवता येतात. पाकिटातले क्षार गोड्या पाण्यात मिसळून समुद्र तयार करण्याची ही पद्धत रूढ करणाऱ्यांत एक नाव ठळक आहे : फिलिप हेन्री गॉस. त्यांच्या हौसेने समुद्र घरात आणला. पण त्याची किंमत किनाऱ्याने मोजली.

गॉस कोण होते?

जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे काढत. बालपण पूल या बंदराच्या गावात गेले. १७व्या वर्षी ते कारकुनीसाठी न्यूफाउंडलंडला गेले आणि फावल्या वेळात कीटक गोळा करू लागले. पुढे कॅनडात शेती केली, ती तोट्यात गेली. अमेरिकेतील अलाबामात काही महिने शाळा शिकवली. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून पक्ष्यांचा अभ्यास केला. विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

टाकीची कल्पना कशी सुचली?

१८५२ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. खडकांतल्या डबक्यांमधील जीव घरी आणून ते काचेच्या भांड्यांत ठेवू लागले. रोज पाणी न बदलता जीव जगवायचे, तर सोबत समुद्री वनस्पती हवी, कारण ती प्राणवायू पुरवते. रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञही त्याच सुमारास हाच प्रयोग करत होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातले अनेक जीव गॉस यांनी पुरवले होते. १८५४ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

समुद्राशिवाय समुद्राचे पाणी?

लंडनमध्ये समुद्राचे पाणी आणणे खर्चिक होते. म्हणून १८५४ मध्ये गॉस यांनी चार क्षारांचे मिश्रण केले : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. त्यात मिठाचा वाटा सुमारे चार पंचमांश होता. आधी शेवाळ, मग काही दिवसांनी प्राणी, हा क्रम त्यांनी पाळला.

आजही घाई नडतेच. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मिश्रण लागते. घरातले मीठ चालत नाही आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिन आधी काढावा लागतो. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही. पाणी २५ अंशांच्या आसपास हवे. त्यामुळे कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत चिलरची गरज पडू शकते.

आक्रमक माशाचे शेजारी कसे निवडायचे?

गॉस यांनी शंखातला खेकडा आणि त्याच्या शंखावर बसणारे समुद्रफूल यांची जोडी टाकीत पाहिली. खेकड्याने मोठा शंख घेतला, तेव्हा समुद्रफूलही त्याच्यासोबत नव्या घरी गेले. एकत्र राहणे स्वभाव जुळण्यावर ठरते, हे त्यातून दिसले.

लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो. म्हणून शेजारी त्याच्या तोंडापेक्षा मोठेच हवेत. त्याचे काटे विषारी असल्याने टाकीत हात घालतानाही जपावे लागते. ट्रिगरफिश शिंपले, खेकडे फोडतो आणि हद्दीसाठी भांडतो. मोठ्या लायनफिशसाठी ४०० ते ५०० लिटरची टाकी, लपायला भरपूर दगड आणि शांत मासे आधी, आक्रमक मासा शेवटी, हे नियम मोडले तर बळी जातोच.

मग किनाऱ्याचे काय झाले?

१८५७ मध्ये पत्नी एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी सृष्टीची उत्पत्ती आणि धर्मश्रद्धा यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या पुस्तकाची टिंगल झाली. गॉस डेव्हनलाच स्थायिक झाले आणि समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहून त्यांनी १८६० मध्ये पूर्ण केला. दरम्यान टाक्यांचे वेड पसरले. हौशी लोकांनी आणि विक्रेत्यांनी खडकांतली डबकी ओरबाडली. वडिलांच्या पुस्तकांनी जी गर्दी किनाऱ्यावर आणली, तिनेच ती सृष्टी उजाड केली, याची नोंद मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आठवणींत केली. गॉस यांचे निधन २३ ऑगस्ट १८८८ रोजी झाले.

आज त्याचा अर्थ काय?

क्लाउनफिशसारखे काही मासे आता हॅचरीत तयार होतात. लायनफिश मात्र बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडलेला असतो. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकणातून फिरून येताना जिवंत प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. टाकी सजवण्याआधी मासा कुठून आला, हे दुकानदाराला विचारायलाच हवे.