योहान पाखेलबेल

योहान पाखेलबेल (बाप्तिस्मा: १ सप्टेंबर, १६५३, दफन: ९ मार्च, १७०६) हे बरोक काळातील जर्मन संगीतकार, ऑर्गनवादक व संगीतशिक्षक होते. आज ते मुख्यतः 'कॅनन' या एका रचनेमुळे ओळखले जातात. ल्युथरन भक्तिगीतांच्या चालींवर ऑर्गनसाठी रचलेल्या कोराल-प्रस्तावना हे मात्र त्यांचे अधिक महत्त्वाचे कार्य मानले जाते.

प्रारंभिक जीवन

पाखेलबेल यांचा जन्म न्युर्नबर्ग येथे झाला. १६६९ मध्ये त्यांनी आल्टडोर्फ विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु आर्थिक अडचणींमुळे वर्षभरातच त्यांना ते सोडावे लागले. रेगेन्सबुर्ग येथे पुढील शिक्षण घेतल्यावर ते व्हिएन्नातील संत स्टीफन कॅथेड्रलमध्ये साहाय्यक ऑर्गनवादक झाले. १६७७ मध्ये त्यांची आयझेनाख येथे दरबारी ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. तेथे त्यांचा बाख कुटुंबाशी स्नेह जुळला.

एरफुर्टमधील काळ

१६७८ मध्ये ते एरफुर्टच्या प्रेडिगर चर्चमध्ये रुजू झाले. मंडळी भक्तिगीत गाऊ लागण्यापूर्वी त्या गीताच्या चालीवर आधारित प्रस्तावना वाजवणे हे त्यांचे कर्तव्य होते. करारानुसार ती ऐनवेळी न सुचवता आधी रचून ठेवावी लागे. पाखेलबेल यांच्या अनेक प्रस्तावनांत प्रथम चालीच्या पहिल्या ओळीवर लहानसा फ्यूग येतो आणि त्यानंतर संपूर्ण चाल दीर्घ स्वरांत उमटते. त्यामुळे श्रोत्यांना गीत सहज ओळखता येते.

१६८१ मध्ये त्यांचा विवाह बार्बरा गाब्लर यांच्याशी झाला. दोनच वर्षांनी, १६८३ च्या प्लेगमध्ये, पत्नी व तान्हा मुलगा दोघेही मृत्यू पावले. त्याच वर्षी त्यांनी मृत्युविषयक भक्तिगीतांवरील ऑर्गन-रचनांचा संग्रह प्रकाशित केला. त्याचा संबंध सामान्यतः या आघाताशी जोडला जातो. १६८४ मध्ये त्यांनी युडिथ ड्रोमर यांच्याशी दुसरा विवाह केला.

उत्तरायुष्य

१६९० मध्ये ते श्टुटगार्टच्या दरबारात गेले. परंतु १६९२ मध्ये फ्रेंच आक्रमणामुळे त्यांना ते शहर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी गोथा येथे काम केले. १६९३ मध्ये त्यांच्या आठ कोराल-प्रस्तावनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १६९५ मध्ये न्युर्नबर्गने नेहमीची परीक्षा न घेता त्यांना संत सेबाल्ड चर्चचे ऑर्गनवादकपद दिले. मृत्यूपर्यंत ते याच पदावर होते.

वारसा

योहान सेबास्टियन बाख यांचे थोरले बंधू योहान क्रिस्टोफ हे पाखेलबेल यांचे शिष्य होते. आईवडिलांच्या निधनानंतर बालवयातील सेबास्टियन यांचे संगोपन व संगीतशिक्षण या बंधूंकडेच झाले. त्यामुळे पाखेलबेल यांची कोराल-प्रस्तावनेची पद्धत पुढील पिढीपर्यंत पोहोचली. 'कॅनन' ही रचना मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर लोकप्रिय झाली.